तळपाय कोण पाहणार?

आमच्या घरात सणावाराला सगळे ओळीने वाकतात. पण वीस वर्षं ज्यांच्या पाया पडले, त्या सासूबाईंचा तळपाय मी कधी पाहिलाच नव्हता.

पाहिला तेव्हा उशीर झाला होता. थंडीत त्या गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपायच्या. अंगठ्याखाली फोड आला, फुटला. त्यावर हळद दाबून त्या आठ दिवस घरभर फिरत होत्या. मला कळलं ते फरशीवरच्या डागांवरून. "आई, सांगितलं का नाही?" तर म्हणाल्या, "अगं, दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?" पूर्णेहून रेल्वेने नांदेड गाठलं. अंगठा काढावा लागला.

मैत्रिणींनो, त्यांच्या त्या उत्तरातच सगळा आजार आहे. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. खडा, काटा, चटका काही कळत नाही. त्यात रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरत नाही. म्हातारपणी गुडघे वाकत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. मग स्वतःचा तळवा स्वतः कसा बघणार?

बधिर पायांचं हे दुखणं वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांमध्ये ओळखलं. ते १९४६ मध्ये तिथे आले. बोटं रोगाने आपोआप झडत नाहीत, वेदनाच नसल्याने जखमेवर जखम होऊन जातात, हे त्यांनी दाखवलं. पुढे अमेरिकेत त्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. मऊ रबराची एमसीआर चप्पल आपल्याकडे कुष्ठरुग्णांना सरकार मोफत देतं. मधुमेही म्हातारीला 'तीच घ्या' म्हटलं, की उत्तर तयार: "त्या रोगाची चप्पल मी घालू?" लाज चपलेची वाटते, पाय गेल्याची नाही!

घरात चप्पल घालायलाही बायका तयार नसतात. सोवळं आडवं येतं. मग घरातली चप्पल वेगळी ठेवा, देवघराबाहेर काढा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात देवळाची फरशी तव्यासारखी तापते, तिथे निदान जाड मोजे तरी घाला. कुरूप ब्लेडने कापू नका. दवाखान्यातही साखर तपासून गोळ्या हातात पडतात, पण पाय पाहिल्याशिवाय उठायचं नाही, हे आपणच ठरवायला हवं. डॉक्टर गर्दीत विसरतात, आपण का विसरावं?

आता रोज रात्री मी बॅटरी घेऊन सासूबाईंचे तळवे बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसते. त्या संकोचतात, पाय आखडून घेतात. सुनेने तळवे बघायचे म्हणजे काय! मी ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या बोटांमध्ये चीर दिसली. "दुखत नाही गं," म्हणाल्या. म्हणूनच दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं.