घर आपले, पाया कोणाचा?

गेल्या पावसाळ्यात सातवीच्या वर्गाला ‘माझे घर’ हा निबंधाचा विषय दिला होता. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले, ‘घर आमचे आहे, पण भाट आमचे नाही.’ पुढे लिहिले होते की आईला मागच्या दारी न्हाणीघर हवे आहे आणि बाबा म्हणतात, आधी भाटकाराला विचारले पाहिजे. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी तांबड्या शाईने सुधारल्या. पहिल्या वाक्यातली चूक मात्र माझ्या शाईने सुधारणारी नव्हती. ती सुधारण्याचा मार्ग कायद्याने दाखवून दिलेला आहे, आणि आम्ही तो अर्ध्यावर सोडला आहे.

वाचकहो, थोडी उजळणी करू. मुंडकारांना घरातून हुसकावण्यास प्रथम 1971 साली तात्पुरता अटकाव झाला. पुढे शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना 1975 चा मुंडकार कायदा झाला. भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीवर कायम वस्ती करून राहिलेला तो मुंडकार. त्याच्याकडे भाटकाराची सेवाचाकरी असो वा नसो. घराचे भाडे भरणारा मात्र मुंडकार ठरत नाही. मुंडकाराला घर आणि घराभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात घराभोवती 5 मीटर किंवा घरासह 300 चौरस मीटर, शहरात 2 मीटर किंवा 200 चौरस मीटर; यांपैकी मुंडकाराच्या फायद्याचे असेल ते. हे दान नव्हे. जमिनीची किंमत मोजायची आहे आणि भाटकाराला ती मिळायची आहे.

मग पन्नास वर्षे लोटली तरी इतक्या घरांच्या हाती कागद का नाही? पहिले कारण भीड. भाटकाराच्या घरी आपले जाणे-येणे, लग्नकार्यात एका पंगतीला बसणे. आमच्यासारख्या देवळांच्या गावात तर कित्येकांचा भाटकार म्हणजे प्रत्यक्ष देवस्थान. देवाविरुद्ध अर्ज कसा करायचा? अहो, देवाला तुमच्या न्हाणीघराची जागा नको आहे! दुसरे कारण एकटेपणा. जो तो एकटा मामलेदार कचेरीत जातो, रोजगार बुडवतो, पुढची तारीख घेऊन परततो. तिसऱ्या तारखेला तो जात नाही. पुढे म्हातारा वारतो, आणि घर केव्हापासूनचे हे सांगणारा साक्षीदारही त्याच्याबरोबर जातो.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की हे काम घराघराने नव्हे, वाड्यावाड्याने करावे. एका रविवारी वाड्यातल्या लोकांनी एकत्र बसावे. शाळकरी मुलांनी वही घ्यावी. प्रत्येक घराचा क्रमांक, घरपट्टीच्या जुन्या पावत्या, विजेची बिले, शिधापत्रिका, एक-चौदाचा उतारा, सर्व्हेच्या नकाशात घर दाखवले आहे की नाही, हे सारे एका तक्त्यात मांडावे. वडीलधाऱ्यांच्या साक्षी त्यांच्या हयातीतच लिहून घ्याव्यात. अर्ज ज्याचा त्याने करावा, पण कचेरीत दहाजणांनी मिळून जावे. वकिलाची फी वाटून घ्यावी. एकट्याला परतवणे सोपे, सबंध वाड्याला परतवणे अवघड.

गावाने मिळून जमीन सांभाळणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून गावकरी चालत आली. 1526 च्या फोरालात पोर्तुगिजांनी तिच्या चालीरीती लिहून घेतल्या. मोडून टाकता आल्या नाहीत. जमीन गावाची, उत्पन्नातला वाटा गावकऱ्यांचा, आणि एकट्यादुकट्याने ती विकायची नाही, हे त्यामागचे तत्त्व. त्यात उणे होते तेही बोलले पाहिजे. ‘गावकरी’ म्हणजे मूळ घराण्यांचे वंशज. शेत राबणारा, तळी राखणारा, माड पाडणारा कितीही पिढ्या गावात राहिला तरी वाट्याबाहेरच. ते तत्त्व घ्यावे, ही भिंत पाडावी. कोमुनिदादीची जी जमीन अजून शिल्लक आहे तिच्यावर बंगल्यांच्या वसाहतीपूर्वी गावातल्याच बेघर कुटुंबाचा हक्क मानावा.

2025 साली विधानसभेने कोमुनिदादीच्या जमिनीवरील जुनी घरे नियमित करण्याची तरतूद केली. तिच्या बाजूने व विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. पण मुंडकाराने एक ध्यानात ठेवावे, की तो घुसखोर नव्हे. तो संमतीने राहिलेला आहे. त्याने माफी मागायची नाही, हक्क मागायचा आहे.

आणि कागद हाती आल्यावर? येथे खरी परीक्षा आहे. आज जमिनीला जो भाव येतो तो ऐकून भल्याभल्यांची झोप उडते. वाडवडिलांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर परक्याचे कुलूप लागले, तर हा खटाटोप कोणासाठी केला? विकणे भागच पडले तर आधी वाड्यातल्या गरजूला विचारायचे, एवढा शब्द शेजाऱ्यांनी एकमेकांना द्यावा. कायदा तो देऊ शकत नाही.

तुम्ही भाटकार असाल तर किंमत घेऊन सही करा; पिढ्यांचा ऋणानुबंध त्याने तुटत नाही, उलट बरोबरीचा होतो. तुम्ही देवस्थानचे महाजन असाल तर अर्जाची वाट न पाहता सेवेकऱ्यांच्या घरांची यादी करा. मुंडकार असाल तर या रविवारी शेजाऱ्याचे दार वाजवा.

माझा विद्यार्थी आता आठवीत आहे. दहावीला पुन्हा तोच विषय आला, तर त्याला पहिले वाक्य बदलता यावे.