प्रशासकांचे राज्य
मालीत २०२० मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. २०२२ची निवडणूक पुढे गेली, मग २०२४चीही. आपण नाके मुरडतो. पण कर्नाटकात बेळगावजवळच्या काकतीच्या मतदाराने जिल्हा व तालुका पंचायतीसाठी मत दिले ते फेब्रुवारी २०१६ मध्ये! २०२१ला मुदत संपली. २०२५ उजाडले तरी कारभार प्रशासकांकडेच. इथे रणगाडे लागले नाहीत. कायदादुरुस्ती करून मतदारसंघ फेररचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढला, की पुढचा घोळ आपोआप होतो. शाळेचे छप्पर गळले तर जाब विचारायला सदस्य नाही. अर्ज घेऊन बेळगावला साहेबाच्या दारात उभे राहा! बेळगाव महापालिका तर २००५ आणि २०११ मध्ये बरखास्तच केली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्या, असे राज्यघटना बजावते. कर्नाटक सरकारने आता तारीख सांगावी.