तुसाच्या राखेत धान पिकविणाऱ्याचा वाटा कोठे?

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या मुलखातले गाव. राईस मिल म्हणजे काय, हे येथे कोणास सांगावे लागत नाही. परंतु मिलच्या मागील अंगास साचणाऱ्या काळ्या-करड्या ढिगाचे मोल काय, हे पिकविणाऱ्यास क्वचितच कोणी सांगितले असेल.

एक क्विंटल धानामागे सुमारे २० किलो तूस निघते. ते बॉयलरमध्ये जळाले की सुमारे ४ किलो राख उरते आणि तीत ८५ ते ९० टक्के सिलिका असते. रबर, प्लास्टिक व काँक्रीट यांत भरण म्हणून कारखानदारांस हीच सिलिका हवी असते. काँक्रीटविषयीच्या २००० सालच्या भारतीय मानकाने (आय. एस. ४५६) तुसाच्या राखेस मान्यता दिली आहे. गुडइयरसारख्या बलाढ्य कंपनीने २०१० नंतरच्या दशकात या राखेतून काढलेली सिलिका टायरच्या रबरात घातली.

मात्र राख जशीच्या तशी चालत नाही. तूस सौम्य आम्लात धुतले की पोटॅशियमसारखी अशुद्धे जातात. मग ते सुमारे ७०० अंशांच्या आत, आच ताब्यात ठेवून जाळले तर सिलिका अस्फटिक राहते आणि बारीक दळल्यावर उपयोगी पडते. आच फार चढली की स्फटिक बनतात. राखेचा गुण उतरतो आणि तिची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिस जडू शकतो. अशी धूळ कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच जाहीर केले. ढीग उपसणारा हमाल हे जाणतो काय?

आता मालकीचा प्रश्न. शासकीय खरेदीच्या धानात मिलमालकाने क्विंटलामागे ६७ किलो अरवा तांदूळ परत करावयाचा. तूस आणि कोंडा त्याचाच. भरडाईचा दर ठरविताना त्यांची किंमत धरलेली असते, असे मालक म्हणतील. ते खोटे नाही. पण किंमत कशाची धरली, जळणाची की शुद्ध सिलिकेची? या दोहोंतील तफावत शेतकऱ्याच्या पदरात कधीच पडत नाही.

कोळशाच्या राखेबाबत सरकार एवढे उदासीन नाही. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली आणि कसूर केल्यास टनामागे १,००० रुपये भरपाई लावली. तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे केंद्र, ज्याची भूमी १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच होती, या नियमाखाली येते. शेजारच्या धानपट्ट्यातील तुसाची राख त्याबाहेर राहिली.

एकट्या एकोडीच्या बळावर शुद्धीकरणाचे केंद्र उभे राहणार नाही. हजार क्विंटल धानामागे राख फक्त ४ टन. म्हणून तालुक्यातालुक्यांच्या खरेदी-विक्री संघांनी एकत्र येऊन जिल्ह्यात एक सहकारी केंद्र काढावे, त्याच्या नफ्यातून धान घालणाऱ्यास बोनस द्यावा आणि हमालांच्या छातीची वार्षिक तपासणी मालकांच्या खर्चाने व्हावी. शासकीय धानाची राख याच केंद्रास देण्याची अट भरडाईच्या करारात घालता येईल. तो करार हंगामागणिक नव्याने होतच असतो.