डाव्या बरगडीखालची कळ

पालकसभा संपल्यावर एका विद्यार्थ्याच्या दादीने विचारले, “टीचर, सुनेला आठवा महिना आहे. रात्री डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली, सकाळी थांबली. गॅसच असेल ना?”

बहुधा गॅसच. तरी मी म्हटले, “आजच दाखवून आणा.”

भगिनींनो, प्लीहेला, म्हणजे पाणथरीला, रक्त नेणाऱ्या धमनीवर क्वचित फुगा येतो. गरोदरपणात धमनीची भिंत कमजोर होते, रक्तप्रवाह वाढतो आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो फुटण्याची भीती अधिक असते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा धोका जास्त दिसतो.

फसवणूक इथेच होते. कधी कधी आधी सुटलेले रक्त जठरामागच्या पोकळीत साचते आणि थांबते. कळ ओसरते, घरचे निर्धास्त होतात. काही तासांनी किंवा दिवसांनी ते पोटात उसळते. मग आई आणि बाळ, दोघांच्याही जिवावर बेतते.

अचानक तीव्र कळ, तीही डाव्या खांद्यापर्यंत जाणारी, सोबत चक्कर, घाम, चेहरा पांढराफटक, असे दिसले तर ओवा-सोडा देत बसू नका. घरात पुरुष नाही म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. तिला डाव्या कुशीवर निजवा; ऑपरेशन लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. तपासणीचे कार्ड सोबत घ्या. शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालयच गाठा. डॉक्टरांना “आधी दुखून थांबले होते” हेही आवर्जून सांगा.

त्या सुनेचा गॅसच निघाला, अल्हम्दुलिल्लाह. पण ती फेरी वाया गेली असे मला वाटत नाही.