वजनात न सापडणारी धूळ

टिटॅनियम डायऑक्साइड हे नाव सामान्य वाचकाच्या परिचयाचे नसले, तरी भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट आणि औषधाच्या गोळीवरील शुभ्र मुलामा यांच्या रूपाने हा पदार्थ त्याच्या घरात केव्हाच येऊन राहिला आहे. युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांत त्याचा वापर करण्यास बंदी केली. या बंदीमागील कारण विचार करण्याजोगे आहे. हा पदार्थ विषारी असल्याचे सिद्ध झाले, असे तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हटलेले नव्हते. या भुकटीत नॅनो आकाराचेही कण असतात आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्याला तिच्यापासून इजा होणारच नाही अशी खात्री देता येत नाही, एवढेच त्याच्या २०२१ सालच्या निष्कर्षाचे सार होते. खाणाऱ्याविषयी एवढी दक्षता घेतली गेली. परंतु हीच भुकटी पोत्यातून पिंपात ओतणाऱ्या कामगाराच्या श्वासात काय जाते, हे मोजावयाचे कसे?

आपण धूळ तोलतो. हवेच्या गुणवत्तेची २००९ सालची राष्ट्रीय मानकेही तोलाचीच आहेत: अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण एका घनमीटर हवेत चोवीस तासांच्या सरासरीने ६० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. नॅनोकणांच्या बाबतीत हा तराजू कुचकामी ठरतो. अडीच मायक्रॉन व्यासाच्या एका कणाइतके वजन भरण्यास त्याच द्रव्याचे ५० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण लागतात, आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग पन्नास पट होतो. शरीराशी संबंध येतो तो या पृष्ठभागाचा. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने २०११ साली टिटॅनियम डायऑक्साइडच्या साध्या भुकटीसाठी घनमीटरला २.४ मिलिग्रॅम, तर अतिसूक्ष्म भुकटीसाठी ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचविली. द्रव्य तेच असताना केवळ आकारामुळे मर्यादा आठ पटींनी कडक व्हावी, यातच सर्व काही आले.

वजन सोडून मोजणीकडे वळणे आपल्या कायद्याला अपरिचित आहे, असे मात्र नाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली, तेव्हा अॅसबेस्टॉसची मर्यादा मिलिग्रॅममध्ये न देता एक मिलिलिटर हवेतील तंतूंच्या संख्येत देण्यात आली आणि ते तंतू कोणत्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजावेत हेही नमूद करण्यात आले. जे तोलून हाती लागत नाही ते प्रकाशात पाहून मोजावे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झाले होते.

नॅनोकणांपुढे तो सूक्ष्मदर्शकही हतबल होतो, हे खरे. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून लहान वस्तूचा आकार त्यातून स्पष्ट दिसत नाही. परंतु आकार दिसणे वेगळे आणि अस्तित्व कळणे वेगळे. कौलाच्या फटीतून कवडसा आला की एरवी न दिसणारी धूळ चमकू लागते. कण स्पष्ट दिसत नाही, त्याने विखुरलेला प्रकाश दिसतो. याच युक्तीने झिगमोंडी आणि झीडेनटॉप्फ यांनी १९०३ साली अतिसूक्ष्मदर्शक सिद्ध केला व काचेतील सोन्याचे कण दाखवून दिले. अडचण अशी की, कण दसपट लहान झाला की विखुरलेला प्रकाश दशलक्षपटीने घटतो. त्यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे. हवा अल्कोहोलच्या वाफेतून नेऊन गार केली की प्रत्येक कणाभोवती थेंब जमतो. तो थेंब लेसरच्या झोतातून जाताना लखकन चमकतो आणि यंत्र एक आकडा पुढे सरकते.

हे केवळ प्रयोगशाळेतील कौतुक नव्हे. २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांनी डिझेल मोटारीच्या धुरातील कणांची संख्या किलोमीटरला ६०० अब्जांवर जाऊ नये असे ठरविले आहे, आणि ती संख्या याच तत्त्वाने मोजली जाते. मोटारीच्या धुराड्याला जी मोजणी लाभते ती कारखान्यातील माणसाच्या फुप्फुसाला लाभू नये, याचे समर्थन कसे करावयाचे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. यंत्र कण मोजते, पण तो कोणाचा हे सांगत नाही. रहदारीच्या शहरात घनसेंटिमीटरभर हवेतही असे कण हजारोंनी असतात. चुलीचा धूर, वाहनांची काजळी यांत कारखान्यातील कण बेमालूम मिसळतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली कोलकात्यात शोधलेल्या परिणामामुळे पदार्थाची ओळख पटविता येते; परंतु एकट्या नॅनोकणाकडून येणारा तो संकेत अतिशय क्षीण असतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी व सुरू असताना अशी दोनदा मोजणी करावयाची, आणि तफावत आढळली तर गाळणीवरील नमुना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे पाठवावयाचा, हा व्यवहार्य मार्ग उरतो. त्यास खर्च येईल, परंतु तो कारखानदाराला न झेपण्याइतका खचितच नाही.

नॅनो औषधांसाठी २०१९ साली आणि शेतीतील व खाद्यपदार्थांतील नॅनो उत्पादनांसाठी २०२० साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २०२१ साली नॅनो युरियाला मान्यताही मिळाली. ही तत्त्वे मुख्यतः उत्पादकाने सादर करावयाच्या माहितीची आहेत. पिंपाजवळ उभ्या असलेल्या मजुराच्या हवेची नव्हेत. नोव्हेंबर २०२५मध्ये व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता अमलात आली असून हवेतील घातक द्रव्यांच्या मर्यादा आता तिच्याखालील नियमांवर अवलंबून राहणार आहेत. त्या नियमांत नॅनोकणांसाठी वजनाबरोबर संख्येचाही रकाना असावा, दुहेरी मोजणी सक्तीची व्हावी आणि तिचे आकडे त्याच दिवशी कामगारांना पाहावयास मिळावेत. अॅसबेस्टॉसचा तंतू मोजण्याचे शहाणपण कायद्याला आले, तोवर कित्येकांची छाती त्या तंतूंनी भरून गेलेली होती.