तळणीतले रसायन

इंदूरजवळच्या सिमरोलला आयआयटी असली, तरी इंदूरची ख्याती सराफा बाजारातील तळणीमुळे अधिक आहे. बटाटा वा पीठ 120 अंश सेल्सिअसच्या वर तापले, की त्यातील अस्पॅराजिन हे अमिनो आम्ल शर्करेशी संयोग पावून अॅक्रिलामाइड तयार होते; ते तळलेल्या पदार्थांत आढळते, हा 2002 मध्ये स्वीडनमधून पुढे आलेला निष्कर्ष म्हणूनच येथे दुर्लक्षिता येत नाही. शरीरात अॅक्रिलामाइडचे ग्लिसिडामाइड बनते व ते पेशीतील डीएनएला, म्हणजे आनुवंशिक आराखड्याला, चिकटून बिघाड घडवू शकते. आहारातील मात्रेने माणसांत कर्करोग होतोच, असे सिद्ध झालेले नाही. तरीही युरोपीय संघाने 2018 पासून उत्पादकांवर अन्नातील अॅक्रिलामाइड घटविण्याची जबाबदारी टाकली आहे. ते घटविण्यासाठी शेव करपण्याआधी सोनेरी रंगावर काढणे तर कोणत्याही हलवायाला परवडेल. नमकीनच्या नियमित तपासणीत सिमरोलच्या आयआयटीतील प्रयोगशाळांना सामील करून घेण्याचा विचार अन्नसुरक्षा प्रशासनाने करावा.