तुर्कस्तानांतील धबधबे आणि एक दिवसाची जीप-सहल

सुटीच्या दिवसांत कुटुंबच्या कुटुंब परदेशीं जाण्याची चाल आतां आपल्या घरांतून चांगलीच रुळली आहे. कोणाचा मुलगा युरोपांत नोकरीस असतो, त्याच्या निमित्तानें आईवडील जातात. कोठें दोघे भाऊ बायकामुलांसह निघतात व आईसहि बरोबर नेतात. अशा मंडळींस तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्या, सीदे किंवा अलान्या या गांवीं चार दिवस राहण्याचा योग आला, तर धबधब्यांकडे जाणारी एक दिवसाची जीप-सहल त्यांच्यापुढें हटकून मांडली जाते. 2025 च्या मे महिन्यानंतर पुष्कळ भारतीयांनीं तुर्कस्तानचा बेत मुद्दाम रद्द केला, हें आम्ही जाणतों. जावें कीं न जावें हें ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु जो जाईल त्यानें डोळे उघडे ठेवून जावें. आणि जो जाणार नाहीं त्यानेंहि त्या पाण्याची हकीकत ऐकावी, इतकी ती बोधप्रद आहे.

या सहलीचा बेत बहुतेक ठिकाणीं सारखाच असतो. सकाळीं उतारूंना त्यांच्या मुक्कामावरून घेतात. उघड्या टपाच्या जीपा ओळीनें टॉरस पर्वताच्या पायथ्याकडे निघतात, आणि डांबरी सडक संपली कीं पाइनच्या रानांतील मातीचा रस्ता लागतो. एखाद्या खेड्यांत चहा, दुपारीं नदीकांठीं जेवण, मग धबधब्याखालीं स्नान, व दिवेलागणीच्या सुमारास परत. मधल्या वाटेवर एका जीपेनें दुसरीस गांठून बाटल्यांनीं व पिचकाऱ्यांनीं पाणी उडविण्याचा खेळ चालतो. रंगपंचमीची आठवण व्हावी असा तो प्रकार असून तरुण मंडळींस धबधब्यापेक्षां त्याचीच गोडी अधिक वाटते. जीप ही मूळची लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धांत, 1941 पासून पुढें, अमेरिकेंतील विलिस व फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून ती सहा लक्षांहून अधिक बांधली. पुढें मुंबईस महिंद्र मंडळींनीं 1947 सालीं तिची जुळणी आरंभिली, आणि इस्तंबूलजवळ तुझला येथें 1954 सालीं तिचा तुर्की कारखाना निघाला. डोंगरी वाटांशीं या गाडीचा परिचय अशा रीतीनें दोन्ही देशांत जुनाच आहे.

वाटेवरील खेडें हा या दिवसाचा पहिला लाभ होय. टॉरस पर्वतांत 'युरूक' नांवाचे पशुपालक लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. 'चालणें' या अर्थाच्या तुर्की धातूपासून हें नांव झालें आहे. हिंवाळ्यांत किनाऱ्याच्या सपाटीवर व उन्हाळ्यांत 'यायला' म्हणजे उंचावरील कुरणांत, असा त्यांचा शेळ्यामेंढ्यांसह क्रम असे. आपल्याकडील धनगरांच्या वाड्या घाटाखालीं-घाटावर फिरतांना ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें समजावून सांगावयास नको. आज त्यांतील बहुतेक घरें एका जागीं स्थिरावलीं आहेत. परंतु त्यांच्या विणकामांत व स्वयंपाकांत तें जिणें अजून दिसतें. गृहिणी लांब, बारीक लाटण्यानें पीठ कागदासारखें पातळ लाटते, आंत पालक, बटाटा किंवा चीज घालून तें दुमडते, आणि पालथ्या लोखंडी तव्यावर भाजते. याला 'ग्योझलेमे' म्हणतात. पालथ्या खापरावर मांडा टाकणाऱ्या आजीबाईंनीं तो तवा पाहिला तर त्या क्षणभर थबकतील. बरोबर 'आयरान' मिळतें, तें मीठ घातलेलें आपलें ताकच.

शब्दांचीहि तीच गोष्ट. तुर्की लिपि 1928 पासून रोमन झाल्यामुळें पाटी वाचतांना प्रथम परकेपणा वाटतो, पण कान दिला कीं हवा, दुनिया, दुकान, मैदान, पुलाव, पनीर हे आपल्या घरांतले शब्द थोड्या फरकानें ऐकूं येतात. आपला 'तोफ' हा शब्द तर मूळ तुर्कीच. एक गंमत मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. 'चाय' याचा अर्थ तुर्की भाषेंत चहा असाहि होतो व ओढा असाहि होतो. अलान्याजवळच्या 'दिम चाय' या नांवांत चहाचा कांहीं संबंध नाहीं. तो दिम नांवाचा ओढा आहे.

परंतु ज्या पाण्यासाठीं एवढी धूळ खावयाची, तें येतें कोठून, हा प्रश्न त्या जीपांतून फारसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें त्या दिवसाचें सारें मर्म याच प्रश्नांत आहे.

अंताल्याकडे वर्षाकांठीं एक हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, पण तो बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. जून ते ऑगस्ट आकाश कोरडें ठणठणीत असतें. असें असून ऐन जुलैंत तेथील धबधबे वाहत असतात. आमच्या सह्याद्रीची रीत याच्या उलट आहे. काळ्या घट्ट पाषाणावर पडलेलें पाणी बरेचसें वरच्यावर धांवत सुटतें. आषाढांत कड्याकड्यावरून शुभ्र धारा लोंबतात, आणि मार्गशीर्ष लागला कीं त्यांपैकीं बहुतेकांची केवळ ओली रेघ शिल्लक राहते.

टॉरस पर्वताचा मोठा भाग चुनखडीचा आहे. पावसाचें व वितळत्या बर्फाचें पाणी हवेंतून व मातींतून कार्बन डायऑक्साइड वायु घेतें, त्यामुळें किंचित् आम्ल होतें, आणि चुनखडी विरघळवूं लागतें. हजारों वर्षांत भेगांच्या वाटा होतात आणि वाटांचे बोगदे होतात. जमिनीवरून वाहणारा ओढा एखाद्या विवरांत शिरून दिसेनासा होतो. अशा विवरास तुर्की भाषेंत 'द्यूदेन' हा शब्द आहे, आणि अंताल्याच्या प्रसिद्ध धबधब्याचें नांवहि तेंच. शहराच्या वायव्येस सुमारें 30 किलोमीटरांवर 'कर्कग्योझ', म्हणजे चाळीस डोळे, या नांवाचे झरे आहेत. त्यांचें पाणी कांहीं अंतर उघड्यावर वाहून भूमींत गडप होतें, काळोखांतून बरीच मजल मारून पुन्हा वर येतें, वरचा द्यूदेन होऊन कोसळतें, आणि अखेर शहराच्या कडेस सुमारें 40 मीटर उंचीच्या कड्यावरून थेट भूमध्यसमुद्रांत उडी घेतें. पर्वताच्या पोटांत सांठलेला हिंवाळा उन्हाळ्यांत असा सावकाश बाहेर पडत असतो.

याहूनहि नवलाची गोष्ट पुढें आहे. चुना पोटांत घेऊन आलेलें हें पाणी उघड्यावर खळाळलें कीं त्यांतील वायु उडून जातो आणि चुना शेवाळावर, पानांवर, काटक्यांवर बसूं लागतो. थरावर थर चढून त्याचा सच्छिद्र दगड होतो. आमचा धबधबा खडक झिजवितो, तर हा धबधबा आपल्या पायाखालचा खडक आपणच बांधतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत पेर्गामोनचा राजा दुसरा अत्तालस यानें वसविलेलें अंताल्या शहर अशाच झऱ्यांनीं घडविलेल्या दगडाच्या विस्तीर्ण पठारावर उभें आहे. जवळच कुर्शुन्लू येथें पाइनच्या रानांत 18 मीटर उंचीचा धबधबा आहे. तेथें शेवाळाचे गालिचे आणि त्यांखालीं घडत असलेला दगड एकत्र पाहावयास सांपडतो. मानवगात नदीचा धबधबा उंचीनें अगदीं थोडा, पण रुंद आहे. नदीस मोठा पूर आला कीं तो पुराच्या पाण्याखालीं बुडून नाहींसाच होतो. या नदीस पाणी पुरविणारा दुमानली नांवाचा झरा सेकंदास सरासरी सुमारें 50 घनमीटर पाणी देणारा, जगांतील मोठ्या झऱ्यांत गणला जाणारा. 1984 सालीं 185 मीटर उंचीचें ओयमापनार धरण पुरें झालें, आणि तो झरा त्याच्या जलाशयाच्या तळाशीं गेला. प्रवासी त्या हिरव्या पाण्यावरून नौकेंत बसून जातात; खालीं झरा वाहतच असतो.

हें सर्व सांगण्याचा हेतु केवळ भूगोल शिकविणें हा नव्हे. पाणी कोठून येतें यावरून तें कसें वागेल हें ठरतें, आणि त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. 30 जून 2024 रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत एका कुटुंबांतील पांच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. घोट्याएवढें दिसणारें पाणी वरच्या डोंगरावरील पावसानें थोडक्या वेळांत केवढें फुगतें, हें त्या मंडळींस उमगेपर्यंत वेळ निघून गेली. झऱ्यावर पोसलेला धबधबा सहसा असा अकस्मात् फुगत नाहीं. पण टॉरसमधील सगळेच ओढे झऱ्याचे नव्हेत. अरुंद घळींत वरच्या अंगास वळीव कोसळला तर तेथेंहि लोंढा येऊं शकतो, आणि धरणाखालील नदींत सोडलेलें पाणी शिट्टी वाजवून येत नाहीं. म्हणून देश कोणताहि असो, पाण्यांत पाय घालण्यापूर्वीं वाटाड्यास तीन गोष्टी विचाराव्या: हें पाणी झऱ्याचें कीं पावसाचें, वर धरण आहे काय, आणि काल-आज वर पाऊस झाला काय. वाटाड्यास उत्तर देतां आलें नाहीं तर कांठावर बसून पाहावें. कांठावरून पाहिलेला धबधबा कमी सुंदर नसतो.

दुसरा विचार त्या पाण्याच्या पावित्र्याचा. वाळूमातींतून मुरणारें पाणी गाळलें जातें. चुनखडीच्या बोगद्यांतून धांवणारें पाणी फारसें गाळलें जात नाहीं. वरच्या विवराजवळ टाकलेली घाण खालच्या झऱ्यांतून दुसऱ्या गांवच्या भांड्यांत निघते. सहलींतील मंडळी पाणी उडवून झाल्यावर रिकाम्या बाटल्या रानांत भिरकावतात, तेव्हां त्यांना वाटतें कीं आपण त्या कोठेंच टाकल्या नाहींत. त्याच रानांत 28 जुलै 2021 रोजीं मानवगातकडे लागलेल्या वणव्यानें हजारों हेक्टर जंगल होरपळलें आणि माणसेंहि दगावलीं. तेथील पाइनचें बीं आगीनंतर पुन्हा रुजतें, हा निसर्गाचा उपकार. परंतु रोपटें मोठें होण्यास एक पिढी जावी लागते. उन्हाळ्यांत अशा रानांत पेटती सिगारेट टाकणाऱ्यास सहप्रवाशांनीं तेथल्या तेथें हटकलें पाहिजे, मग तो आपला मेहुणा कां असेना!

आतां घरच्या मंडळींच्या सोयीविषयीं थोडें. जीपेंत सर्वांनीं जावें असा आग्रह धरूं नये. गर्भवती स्त्रिया, पाठीचा किंवा मणक्याचा विकार असलेले व अगदीं लहान मुलें यांस ते धक्के सोसत नाहींत. परंतु त्यांना मुक्कामावर एकटें ठेवून इतरांनीं मौज करावी हेंहि आम्हांस रुचत नाहीं. द्यूदेन, कुर्शुन्लू व मानवगात या तिन्ही ठिकाणीं साध्या मोटारीनें सुखानें जातां येतें. तेव्हां तरुणांनीं एक दिवस जीपेनें जावें व दुसरे दिवशीं आजीआजोबांस घेऊन सर्वांनीं मोटारीनें जावें. अलान्याच्या पूर्वेस सापादेरेच्या घळींत सुमारें 750 मीटर लांबीची लांकडी पायवाट धबधब्यापर्यंत नेलेली आहे. ज्यांचे गुडघे बरे आहेत त्यांना ती जमण्यासारखी आहे. जीपेंत बसणाऱ्यांनीं पट्टा आहे कीं नाहीं हें निघण्यापूर्वीं पाहावें, चालत्या गाडींत उभें राहूं नये, आणि हांकणारा दुसऱ्या जीपेशीं शर्यत लावूं लागला तर त्यास स्पष्ट शब्दांत आवरावें. पैसे दिलेले असले तरी जीव गहाण टाकलेला नसतो. नाकातोंडावर बांधण्यास सुती रुमाल, कोरडे कपडे आणि पट्ट्याच्या चपला बरोबर असाव्या.

जेवणाचें आधीं ठरवावें. नदीकांठच्या जेवणांत ट्राउट मासा किंवा कोंबडी ठरलेली असते. शाकाहारी मंडळींनीं आदले दिवशीं कळवावें आणि 'एत्सिझ', म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करावा. भातावर विसंबूं नये, कारण पुलाव कित्येकदां कोंबडीच्या रश्शांत शिजवितात. ग्योझलेमे, दहीं, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर आणि फळें यांवर दिवस उत्तम निघतो.

आपल्याकडे गोव्यांत कुळें येथून दूधसागराकडे जीपा जातात, त्यांतहि हीच गर्दी, हीच धूळ आणि हाच उल्हास असतो. उल्हासाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. मुलांनीं भिजावें, ओरडावें, हंसावें. एवढेंच सुचवावयाचें कीं, दिवसांतील अर्धा तास तरी सर्वांनीं गप्प बसून पडणाऱ्या पाण्याकडे पाहावें, आणि घरांतील जाणत्यानें मुलांस सांगावें कीं, हें पाणी मागच्या हिंवाळ्याचें असून अंधारांतून इतका प्रवास करून आज आपल्या अंगावर आलें आहे. ज्या मुलास हें एकदां समजलें, तो आपल्या गांवच्या विहिरींत कचरा टाकणार नाहीं.